आईचा संध्याकाळचा फोन

९ जानेवारी

पाटी करून घ्यायला आलेल्या बाईंना मी सांगितलं—‘सर्जनशील’मधला शी दीर्घ हवा, तुमच्या कागदावर ऱ्हस्व आहे. मालकांनी कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक लिहून देईल ते मुकाट्याने कोरायचं, हा आमच्या दुकानाचा नियम. पण एकदा कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. चुकीचं अक्षर कोरताना माझा हात अडतो, त्याला मी काय करू?

बाई हसल्या. म्हणाल्या, तो कागद आमच्या नटाने लिहिलाय, त्याला सांगते. त्या स्वतः नाटकं लिहितात. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी त्या आणि तो नट मिळून लेखन-अभिनयाची कार्यशाळा घेणार आहेत. पाटी त्या कार्यशाळेचीच. जाताना म्हणाल्या, तूही ये.

मी म्हटलं, माझी शाळा नववीत सुटली. त्यावर त्या म्हणाल्या, नटाची कितवीत सुटली ते आम्ही अजून शोधतोय.

जाणार नाही. बाबांना सोडून कसा जाणार.

१० जानेवारी

ताई फोनवर म्हणाली, जा की, घरात बसून बसून तुला बुरशी येईल. शेजारच्या काकू म्हणाल्या, तू दुकानात असताना बसतेच, शनिवारी दुपारीही बसेन बाबांजवळ. सगळ्यांनी मिळून मला घालवायचंच ठरवलंय.

संध्याकाळचा फोन आज फार वाईट झाला.

हे अधूनमधून स्वतःला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझं डोकं जागेवर राहत नाही. म्हणून पुन्हा लिहितो. आई गेली. नोव्हेंबरात. बाबा तेव्हा हॉस्पिटलात होते—उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. त्यांचे कपडे आणायला म्हणून आई घरी निघाली आणि हॉस्पिटलच्या जिन्यातच खाली बसली. परत उठली नाही. डॉक्टर म्हणाले, पेशंटला इतक्यात धक्का नको. मग ताईनं ठरवलं: आई जिन्यात पडली, पाय मोडला, ताई तिला आपल्याकडे घेऊन गेली, प्लास्टर आहे, घर तिसऱ्या मजल्यावर, उतरता येत नाही. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी फोन करते. म्हणजे मी मोबाइलवर गजर लावलाय, रिंगच्याच आवाजाचा. तो वाजला की मी पॅसेजमध्ये जाऊन बोलतो. पलीकडे कोणी नसतं. बाबा पलंगावरून ऐकतात.

ते स्वतः फोन घेत नाहीत. हॉस्पिटलात एकदा ताईशी बोलायला म्हणून त्यांच्या कानाला लावला होता. शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी आलं आणि डाव्या हाताने त्यांनी फोन ढकलून दिला. आता नुसतं विचारलं तरी मान हलवतात. म्हणून निभतंय.

आज मी एका दमात बोलून टाकलं—हो आई, जेवले, औषध घेतलं, झोप बरी लागली, तू पाय सांभाळ, ठेवतो. आईला बोलायला जागाच ठेवली नाही! खोटं बोलायचंच आहे तर निदान ते नीट तरी करावं.

१३ जानेवारी

मालकांना आज दुपारी एकदम आई आठवली. माझा डबा घेऊन ती दुकानात यायची. मालकांनी तोंड उघडायचा अवकाश, त्यांचं वाक्य हीच पुरं करून मोकळी. पाटी कोणाची, किती मोठी, रंग कुठला चांगला दिसेल, सगळं. मालक म्हणाले, दोन वर्षांत त्या माउलीसमोर माझं एक वाक्य शेवटाला पोचलं नाही. आणि कोपऱ्यातल्या मशीनकडे तोंड करून बराच वेळ पितळेचा भुगा झाडत राहिले.

काकू तर म्हणायच्या, बाबांना बोलता येतं हे त्यांना आमच्या शेजारी राहायला आल्यावर वर्षभराने कळलं.

१७ जानेवारी

गेलो.

हॉलच्या एका भिंतीला खुर्च्यांची चळत, दुसऱ्या भिंतीला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, धुळीचा वास. आम्ही मोजकेच. एक नर्स, एक पेन्शनर, दवाखान्यात नंबर लावून देणारी एक मुलगी, आणखी तिघं-चौघं. नट उंच, आवाज बसलेला. आल्या आल्या त्याने सगळ्यांना नुसतं चालायला लावलं. पेन्शनरांना म्हणाला, तुम्ही रांगेत नंबर यायची वाट बघत असल्यासारखे चालता. ते म्हणाले, अहो, निवृत्त झालोय, तेच करतोय.

मग लेखिकाबाईंनी कागद वाटले. एक ओळ लिहायची आणि कागद डावीकडे सरकवायचा. पुढच्याने पुढची ओळ. म्हणजे कुठलीच गोष्ट कोणाची एकट्याची नाही. माझ्याकडे आलेल्या कागदावर आधीच्या ओळीत दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करून मगच मी माझी ओळ लिहिली, आणि माझ्यामुळे अख्खी रांग तुंबली. नट म्हणाला, हा परीक्षक कुठून आणलात? आता सगळे मला परीक्षकच म्हणतात.

घरी येताना लक्षात आलं—जिना चढेपर्यंत मला आई गेल्याचं आठवलं नव्हतं. मग आठवलं, आणि जिन्यातच थोडा वेळ उभा राहिलो.

२४ जानेवारी

आज फोन शिकवला! दुसरं काहीही शिकवलं असतं तरी चाललं असतं.

नट म्हणाला, रंगमंचावर फोनवर बोलणारा माणूस बहुतेक वेळा खोटा वाटतो, कारण त्याला फक्त आपलीच वाक्यं पाठ असतात. म्हणून यांची पद्धत अशी आहे. दोघांनी मिळून फोनवरचं सगळं बोलणं लिहायचं, दोन्ही बाजू. मग एकाने उभं राहून आपली बाजू मोठ्याने बोलायची. दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून बसायचं, पलीकडची बाजू मनात वाचायची आणि वाचून झाली की बोट वर करायचं. बोट वर होईपर्यंत पहिल्याने गप्प. आणि ऐकायचं. ऐकल्यासारखं करायचं नाही, ऐकायचं.

माझी जोडी नर्सबरोबर. कोणाचा फोन लिहू या, तिने विचारलं. आईचा, मी म्हणून गेलो. कुठे असते आई? ताईकडे, पाय मोडलाय.

इथे खोटं बोलायची काय गरज होती? पण ते आता आपोआप येतं.

मी सारखा घाई करत होतो. नटाने मला थांबवून माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. म्हणाला, “परीक्षक, पलीकडच्या माणसाला बोलू दे. त्याचं पुरं झाल्याशिवाय तुझं तोंड उघडायचं नाही.”

हे मी इथे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतोय.

२७ जानेवारी

घरी करून पाहिलं. गजर झाला. पॅसेजमध्ये गेलो, हॅलो आई म्हटलं आणि थांबलो. मनात तिचं वाक्य पूर्ण म्हटलं—घास लहान लहान दे, आणि पाणी चमच्यानेच. ते संपल्यावर म्हटलं, हो, चमच्यानेच देतो. पुन्हा थांबलो.

फरक पडतो. भिंतीवरच्या सुटलेल्या रंगाकडे बघत उभा होतो आणि मधेच एकदा मला वाटलं, ती तिकडे आहे. नुसती आहे, श्वास घेतेय.

आत आलो तर बाबा माझ्याकडेच बघत होते. “ती…” म्हणाले. पुन्हा “ती…” मी लगेच म्हटलं, ती बरी आहे बाबा, पुढच्या आठवड्यात प्लास्टर दाखवायला नेणार आहेत. बाबांनी डोळे मिटून घेतले.

२९ जानेवारी

ताई म्हणते, प्लास्टर आणखी महिनाभर राहील असं सांग. एवढं प्लास्टर कुठल्या पायाला असतं!

३१ जानेवारी

मी आणि नर्सने लिहिलेला फोन सगळ्यांसमोर केला. झाल्यावर पेन्शनर चष्मा पुसत बसले. नट म्हणाला, कार्यशाळेच्या अखेरच्या प्रयोगात हा घ्यायचा. लेखिकाबाई कागद चाळत होत्या. म्हणाल्या, “चांगलं आहे. फक्त दोघं फार सभ्य आहेत रे, आई आणि मुलगा.” मला बरं वाटलं. आमच्या घराला सभ्य पहिल्यांदाच कोणी म्हटलं असेल.

खाली उतरताना नर्स म्हणाली, प्रयोग फेब्रुवारीअखेरीला आहे, तोवर आईचा पाय बरा होईल, तिला पहिल्या रांगेत बसवू. मी कठडा धरला. मग तिला सगळं सांगितलं. जिन्यातच. सगळं म्हणजे गजरासकट.

ती ओरडली नाही, हळहळली नाही. एवढंच विचारलं, बाबांना कधी सांगणार? मी म्हटलं, ताई ठरवेल तेव्हा. “रोज फोनवर ताई बोलते की तू?”

तोवर आम्ही स्टॉपवर पोचलो होतो. बस आली, ती गेली.

५ फेब्रुवारी

आज मी फाजीलपणा केला.

फोन इतका चांगला चालला होता! आईनं विचारलं, मी सांगितलं, ती हसली, मी तिचं हसणं संपेपर्यंत थांबलो. आणि त्याच भरात पॅसेजमधून सरळ आत आलो आणि म्हटलं, बाबा, आईला तुमच्याशी बोलायचंय. फोन पुढे केला. पुढे केल्यावर माझं मलाच कळलं, मी काय केलंय. स्क्रीन काळी होती. घेतला असता तर?

बाबांनी फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. नंतर हळूहळू मान हलवली—नको. आणि डाव्या हाताने माझं मनगट थोपटलं.

पॅसेजमध्ये परत गेलो. मला निरोपाचं वाक्यसुद्धा सुचेना. तसाच बंद केला.

८ फेब्रुवारी

आज पॅसेजमध्ये गेलो नाही. गजर वाजण्याआधीच बंद केला. बाबांना सांगितलं, आईकडे रेंज नसेल. त्यांनी जेवताना तोंड उघडलं नाही. औषध तेवढं घेतलं.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. रक्तदाब ठीक. हातात थोडी ताकद येतेय. शब्दही येतील म्हणाले, मात्र घाई करू नका, त्यांना शोधू द्या. मी बाहेर गाठून विचारलं, आता सांगितलं तर चालेल का? डॉक्टर चकितच झाले. अजून सांगितलं नाही? मी तेव्हा काही दिवस म्हणालो होतो!

मग हे महिने कोणासाठी झाले?

संध्याकाळी ताईला सांगितलं. ती म्हणाली, माझ्याशिवाय सांगायचं नाही. तुला जमणार नाही, तू त त प प करशील आणि त्यांना भलतंच काहीतरी होईल. ती प्रयोगाला येणार आहे. प्रयोग २८ तारखेच्या शनिवारी, सांगणं रविवारी. ठरलं.

१४ फेब्रुवारी

तालीम संपल्यावर लेखिकाबाईंना विचारलं, नाटकात एखादं माणूस गेल्याचं दुसऱ्याला सांगायचं असेल तर कसं लिहायचं? नर्सने त्यांना काही सांगितलं होतं की त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं, देव जाणे. त्यांनी पिशवीत भरलेली वही परत खाली ठेवली.

म्हणाल्या, लहान वाक्य. ‘गेली’ हा शब्द हवाच, त्याला कपडे घालायचे नाहीत. “आणि सांगून झालं की तिथेच बस. लोक सांगतात आणि चहा टाकायला उठतात. तसं करू नकोस.”

२० फेब्रुवारी

वाक्य तयार केलं. ‘बाबा, आई गेली. तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हाच गेली. आम्ही लपवलं.’ पुन्हा पुन्हा वाचलं. एकही चूक नाही. तरी चुकीचं वाटतं.

आईला फोनवर सांगितलं, आता थोडेच दिवस. हे बाबांच्या कानावर पडावं म्हणून म्हटलं नव्हतं. हळूच म्हटलं.

२८ फेब्रुवारी

प्रयोग झाला.

हॉल भरला होता. मालक नवा शर्ट घालून आले होते आणि आपली पाटी दाराशी सरळ लागलीय का, ते दोनदा बघून आले. काकू बाबांजवळ थांबल्या. ताई शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिला मी विषय सांगितला नव्हता. सांगायला हवा होता.

नर्स पाठ करून बसली. मी बोललो. शेवटी एक मोठी जागा आहे. आई काहीतरी लांबलचक बोलते, मी नुसता ऐकतो आणि मग ‘बरं’ म्हणून फोन ठेवतो. नर्सने बोट वर करायला फार वेळ लावला. ठरल्यापेक्षा जास्त. बोट वर झालं. मी ‘बरं’ म्हटलं.

टाळ्या. नटाने मला उचललंच.

जिन्यात ताईनं मला गाठलं. चेहरा पांढरा. “आई मेली त्याच्या टाळ्या घेतल्यास.” खरंच होतं ते. ती भराभरा उतरून पुढे गेली. मग खालच्या पायरीवर थांबली. मी जवळ गेल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, शेवटी आई एवढा वेळ काय बोलत होती रे?

मी म्हटलं, तुझ्याबद्दल विचारत होती. वेळेवर जेवते का म्हणून.

घरापर्यंत ताईनं माझा हात सोडला नाही.

१ मार्च

सकाळी काकू चहा ठेवून गेल्या. ताई काल म्हणत होती मी सांगेन, आज म्हणाली तू सुरुवात कर, मी येतेच. आणि स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली. भांडं एकही नव्हतं घासायला.

मी पलंगाच्या कडेला बसलो. म्हटलं, बाबा, आईबद्दल सांगायचंय. तयार केलेलं वाक्य तोंडाशी आलं, तेवढ्यात बाबांनी डावा हात वर केला. मला वाटलं पाणी हवंय, उशी हवीय. विचारायला तोंड उघडलं होतं. मिटलं. अजून बोट वर झालेलं नाही, असं मनात म्हटलं. थांबलो.

बाबांचे ओठ नुसतेच हलत होते. शब्द शोधत होते. मी शोधू दिला.

“माहीत… आहे.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

कधीपासून, मी विचारलं. बाबांनी उशीजवळच्या माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. कुठल्या फोनपासून? “पहिल्या.”

मी परीक्षक! मला तेव्हासुद्धा हेच विचारायचं होतं की काय चुकलं. रिंग चुकली? वेळ चुकली? प्लास्टर? एक एक विचारत गेलो. बाबा प्रत्येक वेळी मान हलवत राहिले. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. हॉस्पिटलातून आल्यापासून मी ते हसू पाहिलं नव्हतं.

“ती…” म्हणाले. थांबले. मी थांबलो. “ती… कोणाला… पुरं… बोलू देते?”

तेव्हा कुठे मला आई आठवली. पॅसेजमधली नाही. आमची. जी डॉक्टरांनासुद्धा अर्ध्यात तोडायची. मी इतके महिने एका शांत, समजूतदार बाईशी बोलत होतो, आणि माझं प्रत्येक वाक्य ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती! नंतर तर शिकून आलो आणि दोघांची बोलणी आणखीच नीटनेटकी केली. आणि बाबा हे रोज ऐकत होते. फोन पुढे केला तेव्हा मनगट का थोपटलं, ते आज कळलं.

ताई ओल्या हातांनी दारात उभी होती. ती आली आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवून रडली. बाबांच्या डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. मी टॉवेल आणायला उठणार होतो. उठलो नाही. हातानेच पुसलं आणि तिथेच बसून राहिलो.

चहा तसाच गार झाला.

२ मार्च

ताई गेली. जाताना आईचा फोटो भिंतीवर लावून गेली. बाबांनी खुणेने तो थोडा डावीकडे करायला लावला, म्हणजे पलंगावरून दिसेल.

मी मोबाइलमधला गजर काढून टाकला.

३ मार्च

दुकानातून आलो. काकू गेल्या. संध्याकाळ झाली. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“फोन?”

मला आधी कळलंच नाही. मग मोबाइल घेऊन पॅसेजमध्ये गेलो. हॅलो आई, अगं आज बाबांनी— हो, दिलं औषध. नाही, ऐक ना, मी काय म्ह— बरं. अगं, पण आधी माझं तरी—

आतून बाबा हसले. मोठ्याने.

एकही वाक्य पुरं करू दिलं नाही तिनं.